बाजारात तुरी, पावती हातात!

मंडळी, "बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी" ही म्हण शाळेत शिकलो तेव्हा तो भट एक दिवस मीच होईन असं वाटलं नव्हतं. फरक एवढाच, की आमच्या घरी मार भटालाच बसला. तोही २५० डॉलरचा!

झालं असं. आमच्या सौ. गेली कित्येक वर्षं दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेतात. व्यवसायाला त्यांनी आपल्या आईचं नाव दिलंय, कारण चकलीची भाजणी आणि अनारशाचं तंत्र तिचंच. वेबसाईट काढावी असं ठरलं, तर त्या नावाचं 'डॉट कॉम' केव्हाच गेलेलं. तेवढ्यात, २०१३ च्या नोव्हेंबरात, एका विक्रेत्याचं पत्र आलं: "लवकरच 'डॉट किचन' येत आहे. आपलं नाव आजच राखून ठेवा. फक्त ९९ डॉलर." मी लगेच भरले. चार दिवसांनी फोन आला: "साहेब, याच नावासाठी आणखी दोघांनी विचारलंय. २५० डॉलर जादा भरलेत तर तुमचा नंबर पहिला." तेही भरले. सौ. म्हणाल्या, "अहो, जे अजून आलंच नाही ते विकतात कसे?" मी त्यांना इंटरनेटवर छोटंसं व्याख्यान दिलं.

प्रश्न त्यांचाच बरोबर होता. उत्तर मला पैसे गेल्यावर कळलं, ते तुम्हाला आधीच सांगतो.

वेबसाईटच्या नावामागची जी शेपूट असते, डॉट कॉम, डॉट ऑर्ग वगैरे, तिचा कारभार आयकॅन नावाची संस्था पाहते. १९९८ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेली ही ना-नफा संस्था. २०१२ साली तिने नव्या शेपट्यांसाठी अर्ज मागवले. एका अर्जाची फी होती १,८५,००० डॉलर, तरीही १,९३० अर्ज आले! पहिल्या नव्या शेपट्या ऑक्टोबर २०१३ मध्ये प्रत्यक्षात आल्या, आणि पुढे ही संख्या बाराशेच्या वर गेली. एवढा पैसा ओतणारी कंपनी तो वसूल करणारच.

नवी शेपूट सुरू होते ती टप्प्याटप्प्यानं. पहिला टप्पा नोंदणीकृत ट्रेडमार्क असणाऱ्यांचा. त्यासाठी ट्रेडमार्क आधी एका मध्यवर्ती नोंदवहीत घालावा लागतो. त्यानंतर काही कंपन्या आठवडाभर चढ्या भावानं विक्री करतात. पहिल्या दिवशी भाव इतका, की काही शेपट्यांना एका नावासाठी दहा हजार डॉलरच्या वर मोजावे लागत. मग तो रोज उतरत जातो. शेवटी दार सर्वांना उघडतं, आणि तिथं नियम एकच: जो आधी पोचेल त्याचं नाव.

मग 'प्री-रजिस्ट्रेशन' म्हणजे काय? गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाडीचं तिकीट आठवा. एजंट तुमच्याकडून पैसे घेतो आणि खिडकी उघडली की रांगेत घुसतो. त्याच्या हातात तिकीट नसतं, असतो तो फक्त तुमचा फॉर्म. इथंही तसंच. दार उघडण्याच्या मिनिटाला शेकडो विक्रेत्यांचे संगणक एकदम मागण्या पाठवतात. एकच नाव दहा विक्रेत्यांकडे दहा गिऱ्हाइकांनी 'राखून' ठेवलेलं असू शकतं. एकाच विक्रेत्याकडे दोघांनी मागितलं असेल, तर तो कधी त्यांच्यात लिलावही लावतो. तुमचा नंबर पहिला म्हणजे त्या एका एजंटाच्या पिशवीत पहिला, खिडकीवर नव्हे.

२०१४ साली 'डॉट किचन'चं दार उघडलं आणि आमचं नाव दुसऱ्याच कुणाला गेलं. विक्रेत्यानं ९९ डॉलर परत केले. २५० मात्र नाहीत, कारण बारीक अक्षरांत लिहिलं होतं की ती 'सेवेची' फी आहे. क्रेडिट कार्डाकडे तक्रार करायला गेलो, तर अमेरिकन कायद्याप्रमाणे ती स्टेटमेंट निघाल्यापासून ६० दिवसांत लेखी करायची असते. मी 'डॉट किचन'ची वाट पाहत बसलो होतो आणि ती मुदत केव्हाच टळली होती.

काही महिन्यांनी नाव घेणाऱ्याचंच पत्र आलं: १,५०० डॉलर द्या आणि नाव घेऊन जा. तो स्वयंपाकी नव्हता, नावांचा व्यापारी होता. अशा तंट्यांसाठी लवाद आहे, पण जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडची फीच १,५०० डॉलर, आणि आधी ट्रेडमार्कचा हक्क दाखवावा लागतो. आमच्याकडे तो नव्हता. सौ. एवढंच म्हणाल्या, "माझ्या आईचं नाव विकत घ्यायचं नाही." विषय संपला.

हे सगळं आज सांगायचं कारण, आयकॅननं नव्या शेपट्यांच्या अर्जांची पुढची फेरी २०२६ साली ठरवली, फी २,२७,००० डॉलर. अर्जापासून विक्रीपर्यंत बराच काळ जातो. या मधल्या काळात फोन येणार, आणि ते दुकान, क्लिनिक, शिकवणी चालवणाऱ्या आपल्याच लोकांना येणार. म्हणून थोडं लक्षात ठेवा:

१. शेपटीला मंजुरी मिळाली आहे का आणि विक्री केव्हा सुरू होणार, हे आयकॅनच्या वेबसाईटवर स्वतः पाहा. अधिकृत विक्रेत्यांची यादीही तिथंच आहे. फोन करणारा बहुधा त्यांचा उपविक्रेता असतो आणि त्याचा आयकॅनशी थेट करार नसतो.

२. फुकट प्री-रजिस्ट्रेशन करायला हरकत नाही. पैसे द्यायचे असतील तर 'नाव न मिळाल्यास पूर्ण रक्कम परत' हे लेखी घ्या, आणि ६० दिवसांची मुदत कॅलेंडरवर लिहा.

३. दुसऱ्या वर्षाची फी आधी विचारा. चांगल्या नावांची फी दरवर्षीच चढी असू शकते. नाव एकदम दहा वर्षांपर्यंत घेता येतं.

४. नोंदणी स्वतःच्या नावावर करा, वेबसाईट बनवून देणाऱ्या ओळखीच्या मुलाच्या नावावर नको.

५. धंद्याचं नाव खरंच मोलाचं असेल, तर आधी ट्रेडमार्क, मग शेपूट.

६. नावं घेऊन ठेवणं ही पुण्यातल्या प्लॉटसारखी गुंतवणूक नव्हे. इथं दर वर्षी फी भरावी लागते, आणि गिऱ्हाईक येईलच असं नाही.

आमचं पुढं काय झालं? सौ.नी आईच्या नावाला गावाचं नाव जोडलं आणि साधं 'डॉट कॉम' घेतलं, बारा डॉलरला. गेल्या दिवाळीत चकल्या पाच दिवस आधीच संपल्या. ऑर्डर देणाऱ्यांपैकी एकानंही शेपूट कुठली, असं विचारलं नाही.