मृत्यूनंतरचे दान आणि कायद्याचा संशय

कॅथलिक चर्चच्या धर्मादाय कामाला दान दोन वाटांनी मिळते. एक रोजची वाट, म्हणजे रविवारच्या मिस्सेला (सामुदायिक उपासनेला) जमणारी वर्गणी. दुसरी वाट नियोजित दानाची. हे दान आधी विचार करून ठरवलेले, कागदावर उतरवलेले आणि बहुधा दात्याच्या मृत्यूनंतर अमलात येणारे असते. मृत्युपत्रातून दिलेले घर, हयातीतच नोंदवलेले बक्षीसपत्र, ‘मुद्दल मोडू नये, फक्त व्याज वापरावे’ अशा अटीवर ठेवलेली रक्कम, हे सारे त्यातच येते. शिष्यवृत्त्या, वृद्धाश्रम, रुग्णालयातील मोफत खाटा अशा वर्षानुवर्षे चालणाऱ्या कामांना वर्गणीपेक्षा या दुसऱ्या दानाचा आधार अधिक असतो.

ही रीत महाराष्ट्रात ख्रिस्ती धर्माबरोबर आली असे मात्र नाही. भंडारा जिल्ह्यातील पवनी आज कॅथलिक व्यवस्थेत नागपूरच्या महाधर्मप्रांतात मोडते, पण वैनगंगेकाठच्या या गावात धर्मसंस्थेला दिलेल्या दानाचा पुरावा दोन हजार वर्षांहून जुना आहे. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १९६९-७० मध्ये येथील जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केले, तेव्हा एक मोठा बौद्ध स्तूप उजेडात आला. त्याच्या दगडी कठड्याच्या तुकड्यांवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत दात्यांची नावे कोरलेली आहेत. सारा कठडा एका राजाने बांधून दिलेला नव्हता. एकेक भाग एकेका दात्याने दिला आणि त्यावर आपले नाव राहील याची सोय केली. एका लेखात तर दानाचे फळ सर्व प्राणिमात्रांच्या सुखासाठी असो, अशी इच्छा आहे. नाव आपले राहावे आणि पुण्य सगळ्यांना मिळावे, या दोन इच्छा एकाच दगडावर शेजारी शेजारी नांदतात.

दान टिकावे म्हणून करायची कागदोपत्री तजवीजही तितकीच जुनी. नाशिकच्या लेण्यांतील उषवदात नावाच्या दात्याच्या लेखात तीन हजार कार्षापण नाण्यांची अक्षयनिधी ठेव नोंदलेली आहे. त्यातले दोन हजार विणकरांच्या एका श्रेणीकडे (व्यावसायिक संघाकडे) दरमहा शेकडा एक दराने, तर एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण दराने ठेवले होते. मुद्दल परत मागायचे नाही, व्याजातून लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंची वस्त्रे आणि इतर गरजा भागवायच्या, असे ठरले. हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून फलकावर लिहिला गेला. आजच्या दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात याहून वेगळे काही घडत नाही. विदर्भातील वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा चम्मक ताम्रपट अटींच्या बाबतीत आणखी सावध आहे. एक हजार ब्राह्मणांना गाव दिले, पण त्यांनी राज्याविरुद्ध कट केला, चोरी किंवा ब्रह्महत्या केली, दुसऱ्या गावाला उपद्रव दिला, तर राजाने ते काढून घेतल्यास तो चोर ठरणार नाही. सशर्त दान म्हणजे काय, हे इतक्या स्पष्टपणे आजचे वकीलही क्वचितच लिहितात.

कॅथलिक दात्याच्या मनात या जुन्या प्रेरणा आहेतच. त्याखेरीज त्याच्या श्रद्धेतून आलेली काही कारणे आहेत. पहिले कारण मृतांविषयीच्या शिकवणुकीत आहे. मृत्यूनंतर स्वर्गात जाण्याआधी आत्म्याची शुद्धी होते आणि जिवंत माणसांच्या प्रार्थनेने, विशेषतः मिस्सेने, त्याला मदत होते, असे चर्च मानते. २ नोव्हेंबर हा सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस. त्यामुळे आपल्यासाठी आणि आईवडिलांसाठी दरवर्षी मिस्सा व्हावी म्हणून रक्कम लावून ठेवण्याची चाल जुनी आहे. दुसरे कारण मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात सापडते. तिथे अंतिम न्यायाची कसोटी भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची आणि कैद्याची विचारपूस अशी आहे. म्हणूनच कॅथलिक मृत्युपत्रांत मिस्सेचा खर्च आणि अनाथाश्रमाची देणगी एकाच परिच्छेदात आली तर त्यात विसंगती नसते.

बाकीची कारणे कोणत्याही धर्माच्या माणसाला ओळखीची वाटतील. मूलबाळ नसलेले जोडपे किंवा अविवाहित शिक्षिका यांच्यापुढे आपल्यामागे घराचे काय, हा प्रश्न असतो. ज्या शाळेत फी माफ होऊन शिक्षण झाले, ज्या रुग्णालयात धर्मभगिनींनी शेवटपर्यंत शुश्रूषा केली, तिथे कृतज्ञता व्यक्त करायची असते. अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने बक्षीस किंवा शिष्यवृत्ती ठेवायची असते. मुंबईच्या जुन्या गावठाणांत १८९६ च्या प्लेगनंतर उभारलेल्या अनेक क्रुसांमागे नवस आणि कृतज्ञताच होती. शिवाय एक व्यावहारिक हिशेब असतो, तो सहसा उघड बोलला जात नाही. पुतण्या-भाच्यांच्या भांडणात घर अडकून पडण्यापेक्षा ते धर्मप्रांताच्या विश्वस्त संस्थेकडे गेलेले बरे. व्यक्ती जाते, संस्था राहते, हा विश्वास या साऱ्याच्या मुळाशी आहे.

अमेरिकेत अशा दानामागे करसवलतीची मोठी प्रेरणा असते. तिथे मोठ्या मालमत्तांवर मृत्यूनंतर संघराज्याचा कर लागतो आणि धर्मादाय संस्थेला दिलेला भाग त्यातून वगळला जातो. भारतात मृतांच्या मालमत्तेवरील कर १९८५ मध्येच रद्द झाला. हयातीत पात्र संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकरात सवलत मिळू शकते, पण मृत्युपत्रातील दानाने दात्याचा कर वाचत नाही. तेव्हा इथला माणूस घर लिहून देतो, तो कर वाचवण्यासाठी नव्हे.

तरीही भारतीय कायद्याने ख्रिस्ती दात्याकडे दीर्घकाळ संशयाने पाहिले. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ मधील कलम ११८ प्रमाणे, ज्याला पुतण्या, पुतणी, भाचा, भाची किंवा त्याहून जवळचा नातलग आहे, अशा माणसाने मृत्युपत्रातून धार्मिक किंवा धर्मादाय कामासाठी मालमत्ता देण्यावर दोन अटी होत्या. मृत्युपत्र मृत्यूच्या किमान बारा महिने आधी केलेले हवे आणि केल्यापासून सहा महिन्यांत ते कायद्याने ठरवलेल्या सुरक्षित ठिकाणी जमा केलेले हवे. एखादी विधवा मृत्युपत्र करून अकराव्या महिन्यात वारली, तर तिचे अनाथाश्रमाला दिलेले दान रद्द व्हायचे. तीच मालमत्ता तिने एखाद्या परक्या माणसाला दिली असती, तर मात्र कोणतीच मुदत आड आली नसती.

या तरतुदीचे मूळ इंग्लंडमध्ये आहे. मरणशय्येवरच्या माणसाला पापाची भीती घालून पाद्री जमीन लिहून घेतात, या धास्तीतून तिथे १७३६ मध्ये कायदा झाला. त्याची छाया भारतातील १८६५ च्या उत्तराधिकार कायद्यावर पडली आणि तिथून ती १९२५ च्या कायद्यात उतरली. इंग्लंडने स्वतः तो जुना कायदा १९६० मध्ये मोडीत काढला, भारतात मात्र कलम राहिले. हिंदू, मुस्लिम, बौद्ध, शीख आणि जैन यांना ते लागू नव्हते. १९९१ च्या दुरुस्तीने पारशीही सुटले. व्यवहारात उरले ते ख्रिस्तीच. केरळमधील धर्मगुरू जॉन वल्लमट्टम यांनी याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. २१ जुलै २००३ रोजी सरन्यायाधीश व्ही. एन. खरे यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने हे कलम समतेच्या हक्काविरुद्ध, म्हणजे घटनेच्या अनुच्छेद १४ विरुद्ध ठरवून रद्द केले. वारसांचे रक्षण व्हायला हवे यात वाद नाही, पण एका धर्माच्या माणसाचे दान तेवढे संशयास्पद मानणे हा त्याचा मार्ग नव्हता. मरणासन्न माणसावर दबाव आणला गेला असेल, तर तसे मृत्युपत्र रद्द ठरवण्याची सोय त्याच कायद्यात आधीपासून आहे.

आता महाराष्ट्रातील ख्रिस्ती माणूस आपली स्वतःची सगळी मालमत्ता मृत्युपत्राने संस्थेला देऊ शकतो. मुस्लिम कायद्यात साधारणपणे एक तृतीयांशाची मर्यादा आहे. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालते, त्यामुळे मुलांसारखे हक्काचे वारस असतील तर निम्मी मालमत्ता त्यांच्यासाठी राखीव असते आणि दान उरलेल्या निम्म्यातूनच करता येते. त्याच गोव्यात पोर्तुगीज काळात मिझेरिकॉर्दिया ही धर्मादाय संस्था मृतांच्या मालमत्तेची व्यवस्था पाहून त्यातून गरिबांना आणि अनाथांना मदत करत असे.

मृत्युपत्र वैध व्हायला दात्याची सही आणि दोन साक्षीदार पुरतात. नोंदणी सक्तीची नाही, पण शहाणपणाची आहे. साक्षीदाराला किंवा त्याच्या पतीला-पत्नीला त्याच मृत्युपत्रातून काही दिले असेल, तर ते देणे रद्द होते. देणगी घेणाऱ्या संस्थेशी संबंधित धर्मगुरूलाही साक्षीला न घेणेच बरे, कारण पुढे वाद झालाच तर पहिले बोट तिथे दाखवले जाते. दान संस्थेच्या नोंदणीकृत नावाने लिहावे. नुसते ‘चर्चला’ असे लिहिले, तर पॅरिश (स्थानिक चर्च), धर्मप्रांत की धर्मसंघ, हा प्रश्न उभा राहतो. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मुलामुलींनी इथल्या संस्थेला पैसे पाठवले, तर ते विदेशी योगदान ठरते आणि संस्थेकडे त्यासाठीची केंद्र सरकारची नोंदणी असावी लागते. भारतीय पासपोर्ट कायम असलेल्यांचे तसे होत नाही.

दान पोहोचल्यावर त्यावर दोन नियम चालतात. चर्चच्या १९८३ च्या विधिसंहितेतील कलम १२६७ सांगते, की ज्या हेतूने दान दिले त्याच हेतूसाठी ते वापरावे. राज्याच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली विश्वस्त संस्थेची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. अडचण येते ती हेतू फार अरुंद लिहिल्यामुळे. एखाद्या विशिष्ट आजाराच्या रुग्णांसाठी ठेवलेला निधी तो आजार हटल्यावर पडून राहतो. अशा वेळी याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे प्रकरण न्यायालयात नेऊन, मूळ हेतूच्या शक्य तितक्या जवळच्या कामाकडे निधी वळवावा लागतो. त्यात वर्षे जातात. म्हणून जाणकार वकील मृत्युपत्रात एक ओळ घालायला सुचवतात: हे काम शक्य न राहिल्यास विश्वस्तांनी निधी त्यासारख्या दुसऱ्या कामासाठी वापरावा.