दहा मिनिटांचं काम

मशीननं चौथ्यांदा नकार दिला, तेव्हा आजीनं अंगठा पदराला पुसला आणि पुन्हा काचेवर टेकवला. काचेखालचा तांबडा उजेड नखापर्यंत चढला. पडद्यावर राखाडी डागाखेरीज काही उमटेना.

"माझो आंगठो काजूंनी खाल्लो, बाबा," ती ऑपरेटरला म्हणाली.

खोटं नव्हतं. जन्मभर तिनं काजू फोडले. टरफलातलं तेल कातडी जाळतं. नवी येते ती गुळगुळीत. शेजारी बसलं की अजून तिच्या लुगड्याला भाजक्या काजूंचा करपट वास येतो.

तिचं माहेर डिचोलीचं, सासर पेडण्याचं, आणि पेडणं माझं आजोळ. यातल्या कुठल्या सब-रजिस्ट्रार कचेरीत बसलो होतो, ते राहू दे. पुण्यातल्या भाच्यानं कर्जाच्या करारावर ओटीपी टाकून रिक्षातच सही केली, तेव्हापासून बिनपेनाची सही जवळून बघायची होती. आजीला दोन कामं होती, एक विक्रीखत आणि एक मृत्युपत्र. एजंट म्हणाला, दहा मिनिटांचं काम. आम्ही नऊ वाजता आलो होतो.

विक्रीखताची माहिती आधीच ऑनलाइन भरलेली. शुल्क भरलेलं. कॅमेऱ्यानं फोटो काढला. अडला तो अंगठाच. शेवटी ऑपरेटरनं डाव्या हाताचं बोट घेतलं आणि ते पहिल्या फटक्यात उमटलं. आजी त्या बोटाकडे कौतुकानं बघत राहिली.

ओटीपीच्या सहीला नावं ठेवायला मी आलो होतो, पण तिचं एक मान्य करायला हवं. सही झाल्यावर दस्तातला एक स्वल्पविराम जरी हलला, तरी तपासणीत ती सही तुटलेली दिसते. कागदावर एका आकड्यापुढे शून्य वाढवलं, तर शाईला काय कळतं? फक्त एवढंच की ओटीपी फोनवर येतो, आणि आजीचा फोन मुलाच्या खिशात असतो.

ओटीपीच्या कितीतरी आधी इथे सही वेगळ्या रीतीनं व्हायची. पेडणं 1788 साली पोर्तुगीजांकडे गेलं. त्यांच्या नोटरीला आपल्याकडे टाबेलियांव म्हणत. दस्त त्याच्या वहीतच लिहायचा, पक्षकारांना वाचून दाखवायचा, त्यांनी तिथेच सह्या करायच्या. मूळ वही कचेरीत, तुमच्या हाती नक्कल. लिहिणं पोर्तुगीजमध्ये, ऐकणाऱ्याचं आयुष्य मराठी-कोकणीत. मधला दुभाषी काय सांगायचा, ते त्यालाच ठाऊक. तेव्हा जुन्या वह्यांपुढे उगाच हात जोडण्यात अर्थ नाही. पण माणूस समोर बसवून वाचून दाखवायचं, हे मला त्यातलं मोलाचं वाटतं. गोव्याच्या वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरीच्या 2012 च्या कायद्यानं सब-रजिस्ट्रारलाच विशेष नोटरी केलं. खुर्ची तीच, टोपी दुसरी.

विक्रीखत आटोपलं आणि मृत्युपत्राला एक साक्षीदार कमी पडला. एजंटनं माझ्याकडे पाहिलं. "दहा मिनिटांचं काम," पुन्हा तेच. आजीच्या मुलाला बाहेर बसवलं.

इथे मशीन मुख्य नव्हतं. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 साली आला, तेव्हा जमिनीच्या विक्रीचे करार आणि मृत्युपत्रं दोन्ही इलेक्ट्रॉनिक सहीच्या बाहेर ठेवली होती. 2022 मध्ये विक्रीचे करार त्या यादीतून निघाले. मृत्युपत्र अजून आहे. त्याला कागद लागतो, हात लागतो.

दस्त वाचून दाखवला. गोव्यात मुलंबाळं असली की निम्मी मालमत्ता त्यांच्यासाठी राखीवच, आपल्या मर्जीनं द्यायची ती उरलेली निम्मी. त्या निम्म्याचं आजीनं काय केलं, ते मी साक्षीदार म्हणून ऐकलं, लेखक म्हणून नाही. एका ठिकाणी तिनं हात वर केला. "ते परत वाच." परत वाचलं. मान हलवली.

अंगठा चालेल, कुणीतरी सुचवलं. ती म्हणाली, सही येते. चौथीपर्यंत शिकलेली. आधी स्वतःचं नाव, मग नवऱ्याचं. त्याच्या नावातला रफार द्यायला ती थांबली, पेन वर धरून आठवलं आणि दिला. एक सही व्हायला माझ्या घड्याळात चार मिनिटं गेली. कुणीही घाई केली नाही, एजंटनंसुद्धा.

माझी सही फर्रकन झाली. कारकुनानं कागद ओढायला हात पुढे केला, तर आजीनं त्यावर तळवा ठेवला आणि वाकून आपल्या नावावर फुंकर घातली. बॉलपेन होतं, सुकायचं काही नव्हतं.

"रे, सुकूं दी," ती म्हणाली. कारकून हात मागे घेऊन उभा राहिला.