गाळावर जगणारा रुपेरी मासा

भाऊच्या धक्क्यावरून मोरा बंदराला येणारी लाँच मोठ्या ओहोटीला कधीकधी बंद ठेवावी लागते. मोऱ्याच्या धक्क्याजवळ गाळ साचलेला, त्यामुळे लाँच लागण्यापुरतं पाणीच उरत नाही. प्रवासी या गाळाला वैतागतात, पण असाच गाळ एका माशाचं ताट आहे. त्याचं नाव गिझर्ड शॅड. हा तारली आणि पालवा यांच्या नात्यातला. बाजारात तो लहान पालवा समजून घेतला जाऊ शकतो, म्हणून आपण त्याची ओळख क्रमाने करून घेऊ.

आधी आकार बघा. अंग चपटं, रुंद आणि रुपेरी असतं. लांबी साधारण 14-15 सेंटिमीटर, फार तर 22. पालवा मात्र याच्या दुपटीहून मोठा होतो. पोटाची कड करवतीसारखी लागते, पण ती पालव्याचीही तशीच असते. तेवढ्यावरून ठरवू नका.

मग तोंड बघा. गिझर्ड शॅडचं नाक गोलसर आणि पुढे आलेलं असतं, तोंड त्याच्या खाली दडलेलं. तळाचं अन्न टिपायला हे सोयीचं. पालव्याचं तोंड समोर उघडतं.

आता पाठीवरचा पर, म्हणजे माशाचा पंख. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर याच्या दोन जाती मिळतात. पराची शेवटची काडी दोऱ्यासारखी लांब असेल, तर तो नेमाटालोसा नासस. दोरा नसेल, तर अॅनोडोंटोस्टोमा चाकुंडा. या नावाच्या पहिल्या शब्दाचा अर्थच 'बिनदातांचं तोंड'. इथे हमखास फसायला होतं, कारण जाळ्यात किंवा पाटीत हा दोरा तुटतो. एकच मासा पाहू नका, चार-पाच उलटून बघा.

कल्ल्यामागे काळा ठिपका असतो. पण तसा ठिपका पालव्याच्या पिल्लांनाही असतो. म्हणून ठिपका शेवटी बघा, आधी तोंड.

नावाचं कारण पोटात आहे. गिझर्ड म्हणजे कोंबडीच्या पोटात असतो तो पेटा. या माशाच्या जठराचा एक भाग तसाच जाड, स्नायूंचा असतो. कल्ल्यांच्या आतली बारीक दातेरी चाळणी पाण्यातलं सूक्ष्म अन्न अडवते. त्यात डायॅटम असतात, म्हणजे काचेसारख्या कवचाची, डोळ्यांना न दिसणारी शेवाळं. पेटा ते सगळं दळतो आणि लांब, वेटोळ्यांचं आतडं ते पचवतं.

म्हणून हा मासा थव्याने राहतो तो उथळ किनाऱ्यावर आणि खाड्यांच्या मुखाशी. पावसाळ्यात पाणी गोडसर झालं तरी तो तग धरतो. तिवरांची पानं कुजून गाळात मिसळतात, त्या गाळावर सूक्ष्म जीव वाढतात आणि त्यांवर हा मासा. तिवरं भरावाखाली गेली, की त्याचं ताटच उचललं जातं.

घरी आणल्यावर पोट आधी साफ करा. आतड्यात चिखल असतो, उशीर झाला तर पोट मऊ पडून वास लागतो. काटे बारीक आणि पुष्कळ असतात. दोन्ही बाजूंना एकमेकींच्या जवळ आडव्या चिरा द्या आणि कडक तळा, म्हणजे बारीक काटे तुकडे होऊन कमी टोचतात. लहान मुलांना मात्र काटे काढूनच द्या.

साफ करताना पेटा एकदा बोटांत दाबून बघा. मऊ आतड्यांमध्ये ती टणक गाठ लगेच हाताला लागेल. गाळाचं अन्न होतं ते तिथेच.