सोलापूरची खिडकी, चेन्नईचा सर्व्हर

सोलापूरहून रामेश्वरला निघालेली अनेक यात्रेकरू कुटुंबे चेन्नईत गाडी बदलतात. एकेकाळी हा बदलच यात्रेतील मोठ्या काळजीचा विषय असे. सोलापूर ते मद्रास तिकीट हाती पडे. पुढच्या आणि परतीच्या प्रवासासाठी मात्र स्थानकावरून तार जाई आणि उत्तराची वाट पाहणे नशिबी येई. कारण उघड होते. मद्रासहून सुटणाऱ्या गाडीच्या जागांची वही मद्रासला, आणि जागा मागणारा सोलापुरात.

रेल्वे आरक्षणाच्या संगणकीकरणास १९८५ साली नवी दिल्लीत प्रारंभ झाला. १९८७ मध्ये मुंबई, मद्रास व कलकत्ता आणि १९८९ मध्ये सिकंदराबाद येथे ही सोय पोहोचली. वह्या गेल्या, रांगा थोड्या हलक्या झाल्या. तरीही पाच शहरांतील पाच संगणक एकमेकांना अनोळखीच होते. मद्रासच्या पडद्यावर दिसणारी रिकामी शायिका मुंबईच्या लिपिकाला दिसत नव्हती.

यावर दोन सोपे वाटणारे उपाय होते. पहिला, प्रत्येक शहरात सर्व गाड्यांच्या नोंदींची प्रत ठेवणे. पण एकाच शायिकेच्या पाच नोंदी झाल्या की ती पाच जणांना विकली जाण्याचा धोका आलाच. तो टाळण्यासाठी प्रत्येक स्थानकाला ठरावीक कोटा वाटून द्यावा, तर एका ठिकाणी जागा रिकाम्या आणि दुसरीकडे प्रतीक्षायादी, असा प्रकार घडतो. दुसरा उपाय म्हणजे मागणी येताच संपूर्ण नोंदवही दूरध्वनीच्या तारेवरून मागवून घेणे. त्या काळातील तारांना हा भार पेलणारा नव्हता.

‘क्रिस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रेल्वेच्या माहिती प्रणाली केंद्राने तिसरा मार्ग निवडला. ‘कॉन्सर्ट’ ही त्यांची आज्ञावली १९९४ साली प्रथम सिकंदराबादेत बसविण्यात आली आणि एप्रिल १९९९ पर्यंत पाचही केंद्रे परस्परांना जोडली गेली. तिची बांधणी क्लायंट-सर्व्हर पद्धतीची होती. या पद्धतीत विचारणारा संगणक तो क्लायंट आणि माहिती सांभाळून उत्तर देणारा तो सर्व्हर. गाडीची नोंद एकाच केंद्रात राहते. सोलापूरची खिडकी फक्त प्रश्न पाठवते: अमुक तारखेस, अमुक गाडीत, चार जागा. मधली वाटाडी आज्ञावली तो प्रश्न योग्य केंद्राकडे वळवते. शोध, भाड्याचा हिशेब आणि नोंद हे सारे तेथेच होते व परत येते ते केवळ उत्तर. तारेवरून जातात त्या मोजक्या ओळी. वही जागची हलत नाही.

खरा लाभ मात्र वेगाचा नाही. एक शायिका उरली आहे आणि नागपूर व कोईमतूर येथून एकाच क्षणी मागणी आली, तर निर्णय कोणी करायचा? नोंद एकाच सर्व्हरच्या ताब्यात असल्याने तो पहिल्या मागणीसाठी ती शायिका कुलूपबंद करतो आणि दुसरीस थांबवतो. व्यवहार अर्ध्यावर तुटला, तर केलेली नोंद मागे घेतली जाते. बँकेतील कर्मचाऱ्यांना हा नियम निराळा सांगायला नको. एका खात्यातून रक्कम वजा झाली आणि दुसऱ्यात जमा झाली नाही, ही स्थिती खातेवहीत क्षणभरही चालत नाही. केंद्रीय बँकिंग प्रणालीत पुणे शाखेचा खातेदार चेन्नईच्या एटीएममधून पैसे काढतो तेव्हाही शिल्लक ठरवणारी नोंद एकच असते. एटीएमला ती माहीत नसते. ते फक्त विचारते.

या व्यवस्थेची किंमतही आहे. सर्व्हर बंद पडला की त्याच्याकडील गाड्यांची तिकिटे देशभर थांबतात, आणि जोडणी तुटली की खिडकीवरील संगणक कितीही उत्तम असला तरी हात बांधून बसतो. खिडकीपुढे उभ्या असलेल्या माणसाला यातले काहीच दिसत नाही. त्याचा राग समोरच्या लिपिकावर निघतो, हे बँकेतही नवे नाही. म्हणूनच राखीव यंत्रे आणि पर्यायी तारा यांवरील खर्च अनावश्यक समजणे चुकीचे ठरेल. भार पाच केंद्रांत विभागण्याचा फायदाही येथेच होता: चेन्नईचे केंद्र अडखळले, तरी मुंबई केंद्राच्या गाड्यांचे आरक्षण चालू राही.

विचारणारा आणि सांभाळणारा वेगळे केल्याचा आणखी एक गुण पुढे अनुभवास आला. ऑगस्ट २००२ मध्ये आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावरून तिकिटे मिळू लागली, तेव्हा जागांचा हिशेब नव्याने मांडावा लागला नाही. संकेतस्थळ ही आणखी एक खिडकीच होती. प्रश्न तोच, उत्तर देणारा सर्व्हरही तोच. गंमत अशी, की आरक्षण क्षणात होई आणि छापील तिकीट मात्र कुरिअरने घरी येई. घरीच छापून घेता येणारे ई-तिकीट २००५ मध्ये आले.