गोड्या पाण्यातली माणसाळलेली आणि रानटी मंडळी : दारणेचा मासा

फिलिपिन्सच्या लानाओ सरोवरातले पंधरा मासे नामशेष झाल्याचं वाचून नांदगावच्या एका शिक्षिकेने विचारलंय, ‘आपल्या नाशिक जिल्ह्यात असा एकाच तळ्यात राहणारा मासा आहे का?’ प्रश्न माझ्या फार जिव्हाळ्याचा. आजचा लेख त्यालाच.

आपली मोठी तळी म्हणजे बहुतेक धरणांचे जलाशय. लानाओला आपले मासे घडवायला हजारो वर्षं मिळाली, आपली जुनी धरणंसुद्धा शंभरीच्या आसपासची. तेव्हा आपला एकाच जागचा मासा शोधायचा तो वाहत्या पाण्यात. नांदगावच्या पांझणेत नाही, तिचं पाणी गिरणेतून तापीला जातं. हा मासा गोदावरी खोऱ्यातला, देवळालीजवळच्या दारणेतला. नाव पॅरासायलोऱ्हिंकस प्रॅटेरी. १९३८ साली सुंदरलाल होरा आणि के. एस. मिश्रा यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्याचं वर्णन केलं आणि सोसायटीचे क्युरेटर एस. एच. प्रॅटर यांचं नाव त्याला दिलं.

मळ्या मासा हाताळलेल्यांना याची ठेवण लगेच कळेल. अंगाने जेमतेम बोटभर, पोट सपाट, छातीचे पर आडवे पसरलेले आणि खालच्या ओठामागे खडकाला चिकटायला मऊ गादी. ओढीच्या पाण्याशी तो झुंजत बसत नाही, दगड धरून राहतो. होरांनी अशा डोंगरी प्रवाहातल्या माशांचा वर्षानुवर्षं ध्यास घेतला होता. हिमालयातल्या माशांचे भाऊबंद सह्याद्रीत कसे पोचले, या कोड्यातूनच त्यांनी सातपुड्याच्या वाटेचा सिद्धान्त मांडला.

‘धरणाने मासा संपवला’ असं म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. दारणा धरण इगतपुरी तालुक्यातल्या दुसऱ्या नांदगावाजवळ, नांदगाव बुद्रुकला. ते १९१६ साली पूर्ण झालं. मासा शास्त्राला कळला तो त्यानंतर बावीस वर्षांनी, धरणाच्या खालच्या अंगाला. म्हणजे अडवलेल्या नदीतही तो तग धरून होता. त्याला हवा तो स्वच्छ, उघडा खडक. वाळूउपशाने ढवळलेला गाळ आणि सांडपाण्याचा थर दगडावर बसला, की चिकटायला जागाच उरत नाही. आययूसीएनच्या लाल यादीत तो आज अतिसंकटग्रस्त आहे.

दारणेचंच पाणी पुढे जिथे पोचतं, त्या नांदूरमध्यमेश्वरला पाणथळ जागांचा रामसर दर्जा मिळाल्याचं २०२० साली जाहीर झालं. त्याचा मला आनंद आहे, पण तिथलं पाणी संथ, पाणपक्ष्यांच्या सोयीचं. खळाळत्या पाण्याच्या वाट्याला असं संरक्षण क्वचितच येतं. दारणेचा एखादा खडकाळ टप्पा वाळूउपशापासून आणि गटारांपासून राखला, तर खर्च फारसा नाही. देवळाली परिसरातल्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांनी पावसाळा ओसरल्यावर दारणा आणि तिला मिळणारी वालदेवी यांचे असे टप्पे दरवर्षी तपासावेत, मासा दिसला तर नोंदवून तिथेच सोडावा.