मांडीचा घेर आणि नाडीचा ठोका

शनिवारी सकाळची शाळा असते. डहाणूजवळच्या सरावलीच्या रस्त्यावर त्या वेळी दोन तऱ्हेच्या सायकली दिसतात. एक शाळकरी मुलींच्या, मागे कॅरिअरला दप्तर अडकवलेल्या, वजनदार, एकाच गिअरच्या. दुसऱ्या सुट्टीसाठी मुंबईहून बोर्डीच्या किनाऱ्याकडे निघालेल्या हौशी सायकलपटूंच्या, बारीक चाकांच्या, हलक्या. या दुसऱ्या मंडळींच्या मनगटावर नाडीचे ठोके मोजणारे घड्याळ असते आणि त्यावरच्या आकड्याकडे त्यांचे सारखे लक्ष असते.

लहानसा चढ आला की एखादी मुलगी उतरते आणि सायकल ढकलू लागते. छाती धपापत असते. बघणारा सहज म्हणून जातो, ‘पोरीच्या पायांत ताकदच नाही.’ सायकल पाय चालवतात, त्यामुळे हे निदान पटतेही. पण ते बऱ्याचदा चुकते. सायकल पाय चालवतात हे खरे, पण पायांना कोण चालवते?

मोठ्या मांड्यांचे काम

स्नायूंचा आकार मुळीच महत्त्वाचा नाही, असे नाही. स्नायू जितका जाड, तितका त्याचा जोर अधिक, हा शरीरशास्त्राचा साधा नियम आहे. भंडाऱ्याच्या मयूरी लुटे आणि शुशिकला आगाशे या दोन सायकलपटू २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताच्या महिला संघातून सांघिक स्प्रिंट शर्यतीत उतरल्या होत्या. २५० मीटरच्या धावपट्टीवर तीन फेऱ्या, म्हणजे ७५० मीटर. सारा खेळ मिनिटाच्या आत संपतो. एवढ्या वेळात हृदय आणि फुप्फुसे पुरती जागीही होत नाहीत. स्नायूंमध्ये आधीच साठवलेले इंधन जाळून, बरेचसे ऑक्सिजनवाचून, काम उरकायचे असते. त्यासाठी झटकन आकुंचन पावणारे, जाड, फिकट रंगाचे स्नायुतंतू लागतात. वजन उचलण्याचे व्यायाम करून हे खेळाडू तेच तंतू जोपासतात. शर्यत सपाटीवर असल्यामुळे अंगावरचे जास्तीचे मांस फारसे आड येत नाही. अडथळा असतो तो हवेचा. वेग दुप्पट करायचा, तर केवळ हवेशी झुंजायला आठपट शक्ती लागते.

जर्मनीचा रॉबर्ट फोर्स्टेमान हा अशाच प्रचंड मांड्यांसाठी प्रसिद्ध असलेला धावपट्टीवरचा सायकलपटू. त्याने २०१५मध्ये सायकलला जोडलेल्या जनित्रावर ७०० वॅटचा टोस्टर चालवून पावाची एक चकती भाजून दाखवली. शेवटी तो जमिनीवर आडवा झाला. त्याने निर्माण केलेली वीज होती ०.०२१ युनिट. घरच्या वीजबिलात दिसणारही नाही इतकी.

आता दुसरा हिशेब पाहा. ६० किलो वजनाचा माणूस २० किलोच्या सायकलवरून १०० मीटर उंची चढला, तर केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध त्याला साधारण तेवढीच ऊर्जा खर्च करावी लागते. दहा मिनिटांत तो चढला, तर दर सेकंदाची शक्ती होते सुमारे १३० वॅट. सवयीचा सायकलस्वार हे काम करून वर एखाद्या टपरीवर चहा पिईल आणि पुढे निघेल. ऊर्जा तेवढीच, फरक वेळेचा. दोन मिनिटांत सारे संपवायचे असेल, तर मांडीचा घेर कामाला येतो. दहा मिनिटे, एक तास किंवा दिवसभर पायडल मारायचे असेल, तर स्नायूला अखंड ऑक्सिजन लागतो आणि सूत्रे हृदयाकडे जातात.

हृदय: ठोका आणि घोट

याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघातून नऊ दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. २०१७मध्ये लष्करातील डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पार केली. वाळवंट, डोंगर आणि अपुरी झोप यांच्याशी सामना करणाऱ्या अशा शर्यतीत भरीव मांड्या उलट ओझे ठरतात. चढावर प्रत्येक जास्तीचा किलो वर न्यावा लागतो. लांब पल्ल्याच्या सायकलपटूचे पाय बारीक आणि तटतटीत दिसतात ते यामुळेच. त्यांच्या स्नायूंत लाल रंगाचे, सावकाश पण न थकता काम करणारे तंतू अधिक असतात. प्रत्येक तंतूभोवती रक्ताच्या केशवाहिन्यांचे दाट जाळे असते. त्यांची वाढ घेरात कमी आणि रक्तपुरवठ्यात जास्त झालेली असते.

हे रक्त पुरवणारा पंप म्हणजे हृदय. स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय दर ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकलते. मिनिटाला ७२ ठोके धरले, तर होते पाच लिटर. जोराने सायकल चालवताना ठोके १९०पर्यंत गेले आणि दर ठोक्याला १०५ मिलिलिटर रक्त निघाले, तर मिनिटाला २० लिटर होतात. अव्वल सायकलपटूचे जास्तीत जास्त ठोकेही जवळपास तेवढेच, १९०. पण त्याचे हृदय दर ठोक्याला १८० मिलिलिटर रक्त टाकते. हिशेब जातो ३४ लिटरवर. म्हणजे सरावाने हृदयाची धाव वाढत नाही, घोट वाढतो. रक्तातील पाण्याचा भाग वाढतो, हृदयाचा डावा कप्पा अधिक ताणला जातो आणि एका दमात जास्त रक्त बाहेर पडते.

त्यामुळेच विश्रांतीच्या वेळी अशा माणसाची नाडी संथ चालते. तेच पाच लिटर पुरवायला १२५ मिलिलिटरचा घोट असेल, तर ४० ठोके पुरतात. १९९१ ते १९९५ सलग पाच वेळा टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या स्पेनच्या मिगेल इंदुराइनची विश्रांतीची नाडी २८ असल्याचे सांगितले जाते. सराव करणाऱ्या निरोगी माणसात संथ नाडी ही कमाई असते. मात्र व्यायामाची सवय नसलेल्या माणसाची नाडी फार संथ असेल आणि सोबत चक्कर येत असेल, तर तो आजार असू शकतो.

आकडा तोच, अर्थ वेगळा

जास्तीत जास्त ठोके किती, यासाठी ‘२२० उणे वय’ हे सूत्र सर्वतोमुखी आहे. ते अंदाजापुरतेच आहे. २००१मध्ये तनाका आणि सहकाऱ्यांनी सुचवलेले सूत्र असे: वयाला ०.७ने गुणावे आणि ते २०८मधून वजा करावे. पन्नाशीच्या माणसासाठी पहिले सूत्र १७० सांगते, दुसरे १७३. प्रत्यक्षात एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत दहा-वीस ठोक्यांचा फरक सहज असतो. म्हणून सोबत्याच्या घड्याळाशी आपले घड्याळ ताडून पाहण्यात अर्थ नाही. ज्याचे ठोके जास्त चढतात तो बलवान नव्हे आणि ज्याचे कमी चढतात तो दुबळाही नव्हे.

त्यातच किनाऱ्यावरची हवा आपला हात दाखवते. पायडल मारताना खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा चाकाला मिळतो, उरलेल्याची उष्णता होते. ती बाहेर टाकण्यासाठी रक्त कातडीकडे वळते आणि घाम येतो. डहाणूच्या दमट हवेत घाम सुकत नाही, नुसता गळतो. शरीरातले पाणी घटते, घोट लहान होतो आणि तेवढेच रक्त पोहोचवण्यासाठी हृदय ठोके वाढवते. बोर्डीचा सपाट रस्ता, वेग तोच, तरी तासाभराने नाडी दहा-पंधरा ठोक्यांनी चढलेली दिसते. पायांत काही बिघडलेले नसते. हवे असते पाणी, सावली आणि थोडी विश्रांती.

रक्तच पातळ असेल तर?

आता पुन्हा चढावर उतरलेल्या त्या मुलीकडे येऊ. स्नायू आहे, पंप आहे, पण ज्या गाडीतून ऑक्सिजन जातो ती गाडीच अर्धी रिकामी असेल तर? ही गाडी म्हणजे रक्तातले हिमोग्लोबिन. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेते. हिमोग्लोबिन १२ असेल, तर १०० मिलिलिटर रक्तात १६ मिलिलिटर ऑक्सिजन बसतो. ८ असेल, तर पावणेअकराच्या आसपास. म्हणजे तेवढाच ऑक्सिजन पोहोचवायला दुसऱ्या मुलीच्या हृदयाला दीडपट रक्त फिरवावे लागते. सपाट रस्त्यावरच तिची नाडी मैत्रिणीच्या चढावरच्या नाडीइतकी धावते. चढ लागला की वाढवायला ठोके शिल्लकच राहत नाहीत.

लोहाची कमतरता एवढ्यावर थांबत नाही. स्नायूच्या आत ऑक्सिजन वापरणाऱ्या यंत्रणेलाही लोह लागते. त्यामुळे हिमोग्लोबिन फार घसरण्यापूर्वीच पाय लवकर भरून येऊ लागतात. अशा मुलीला ‘रोज सायकल चालव, ताकद येईल’ असे सांगणे म्हणजे तेल नसलेल्या दिव्याची वात पुढे सारणे.

हे दुर्मीळ नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. १५ ते १९ वर्षांच्या मुलींत हे प्रमाण ५७ टक्के होते. निम्म्याहून अधिक मुली कमी रक्तावर शाळा, घरकाम, पाणी आणि सायकल असा सगळा भार ओढतात. त्यांचा दम लागणे आळसाच्या खात्यात जमा होते.

आदिवासी भागात आणखी एका कारणाचा विचार करावाच लागतो, तो म्हणजे सिकलसेल. या आनुवंशिक आजारात लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि लवकर नष्ट होतात. दम्याबरोबर हाडे-सांधे वारंवार दुखणे, डोळे पिवळे दिसणे ही लक्षणे असतील, तर रक्ताची तपासणी झालीच पाहिजे. सिकलसेलच्या रुग्णाने लोहाची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. जे केवळ वाहक आहेत, त्यांना रोजची सायकल चालवायला हरकत नाही. मात्र पाणी न पिता, भर उन्हात, दम तुटेपर्यंत जोर लावू नये.

काय करावे?

नाडी मोजायला महागडे घड्याळ लागत नाही. सकाळी उठल्यावर, चहापूर्वी, अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटे ठेवून तीस सेकंद ठोके मोजावेत आणि दुप्पट करावेत. ६० ते १०० हा सर्वसाधारण पल्ला. रोज सायकल चालवणाऱ्याचा आकडा काही आठवड्यांत थोडा उतरला, तर हृदयाचा घोट वाढतो आहे. स्वस्थ असताना नाडी वारंवार शंभराच्या वर जात असेल, तर कारण शोधावे. रक्तक्षय, ताप, थायरॉईडचा विकार यांपैकी काहीही असू शकते.

सायकल चालवताना जोर किती लावावा, यालाही सोपी कसोटी आहे. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतका दम लागला की व्यायाम मध्यम. शब्दही फुटत नसेल, तर वेग कमी करावा. आठवड्यातून बहुतेक दिवस असे चालवावे आणि एखाद-दोन दिवस चढावर जोर लावावा. हृदय आणि स्नायू दोघांनाही त्यातून काम मिळते.

सीटची उंचीही पाहावी. पायडल अगदी खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहायला हवा. मोठ्या झालेल्या मुलीची सीट दोन वर्षांपूर्वीच्याच उंचीवर असेल, तर मांडीचे स्नायू पुरते उलगडत नाहीत आणि गुडघे दुखतात. चाकात हवा कमी असेल, तर प्रत्येक फेरीला जास्तीचा जोर जातो. हे दोन उपाय सायकलच्या दुकानात पाच मिनिटांत होतात.

मुलींसाठी शाळेतून मिळणारी लोहाची निळी गोळी दर आठवड्याला न चुकता, जेवणानंतर घ्यावी. सहा महिन्यांनी जंताची गोळीही घ्यावी. ताटात डाळ, अंडी, सुकट, नागली, शेवग्याचा पाला आणि वर लिंबाची फोड असावी. जेवणाला लागून चहा नको, तो लोह शोषू देत नाही. आणि जी मुलगी मैत्रिणींच्या मागे पडते, जिना चढताना धापा टाकते, जिच्या पापणीची आतली बाजू फिकट दिसते, तिचे हिमोग्लोबिन प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्यावे. तिथे ही तपासणी होते. छातीत दुखणे, भोवळ येणे किंवा ठोके अनियमित पडणे असे काही झाले, तर सायकल बाजूला ठेवून थेट डॉक्टरांकडे जावे.

शर्यतीच्या धावपट्टीवर मांडीचा घेर पदक मिळवून देतो. शाळेच्या रस्त्यावर प्रश्न वेगळा असतो. चढावर उतरलेली मुलगी पुढच्या वेळी दिसली, की तिच्या पायांकडे पाहण्याआधी कोणीतरी तिची नाडी मोजावी आणि रक्त तपासावे. उपचार वेळेवर झाले, तर काही महिन्यांत तोच चढ, तीच सायकल आणि तेच पाय असतील, पण तिला उतरावे लागणार नाही.