तंबाखू : कॅज्युअल्टीत राहून जाणारा प्रश्न

आयुर्वेदाचा पदवीधर आज केवळ स्वतःच्या दवाखान्यातच रुग्ण पाहतो असे नाही. सातारा, कराड, सांगली, मिरज या पट्ट्यातील अनेक खासगी रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीत रात्रपाळीला आपलेच वैद्यबंधू-भगिनी असतात. २०१४ साली राज्यात सुरू झालेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकांवरही आयुर्वेद पदवीधर मोठ्या संख्येने काम करतात. अत्यवस्थ रुग्णाशी पहिले शब्द बोलण्याची जबाबदारी त्यामुळे वारंवार आपल्यावर येते. या पहिल्या संवादात तंबाखूविषयी काय विचारावे, केव्हा विचारावे आणि पुढे काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रारंभी आमच्याच हातून घडलेली एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही एका खासगी रुग्णालयात रात्रपाळी करीत होतो. ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरचा एक चाळिशीतला चालक छातीतील कळा व घाम या लक्षणांसह आला. ईसीजी काढला, हृदयविकाराचा झटका स्पष्ट होता, तातडीचे उपचार सुरू झाले. केसपेपर भरताना आम्ही विचारले, "बिडी-सिगारेट ओढता का?" तो म्हणाला, "न्हाई डॉक्टर, बिडीला कधी हात लावला न्हाई." आम्ही 'निर्व्यसनी' असे लिहून मोकळे झालो. रुग्ण बरा होऊन घरी गेला. आठ महिन्यांनी तो पुन्हा त्याच अवस्थेत आला. या खेपेस त्याची पत्नी सोबत होती. ती सहज बोलून गेली, "ओढत न्हाईत हो, पण तंबाखू मळल्याशिवाय ट्रॅक्टर चालू हुईत न्हाई." त्याच्या खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी होती. पहिल्या रात्रीही ती असणारच. रुग्ण वाचला, मात्र हृदयाची शक्ती इतकी घटली की तो पुन्हा ट्रॅक्टरवर बसू शकला नाही.

त्याने खोटे सांगितले नव्हते. आम्हीच प्रश्न चुकीचा विचारला होता.

प्रश्न कसा असावा?

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. त्यांपैकी धूम्रपान करणारे एकूण प्रौढांच्या ३.८ टक्के, तर धूररहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के होते. स्त्रियांमध्ये हे प्रमाण अनुक्रमे १.४ व १६.६ टक्के होते. म्हणजे केवळ 'ओढता का' एवढाच प्रश्न विचारणारा वैद्य महाराष्ट्रातील बहुसंख्य तंबाखूसेवकांना 'निर्व्यसनी' ठरवितो. पाश्चात्त्य देशांतील धूम्रपानमुक्तीची पद्धत जशीच्या तशी उचलण्यातील पहिली अडचण हीच होय.

दुसरी अडचण 'व्यसन' या शब्दाची. मशेरी लावणाऱ्या मावशींना "काही व्यसन आहे का?" असे विचारले तर त्या दुखावतात. भाजलेली तंबाखू दातांना लावणे हे त्यांच्या लेखी दात घासणे असते. म्हणून प्रत्येक रूपाचे नाव घेऊन, दोष न देता विचारावे: "मळलेली तंबाखू, मशेरी, गुटखा, मावा, बिडी, सिगारेट, यांपैकी काय काय घेता? दिवसातून किती वेळा? सकाळी उठल्यावर किती वेळाने पहिल्यांदा?" उठल्याबरोबर लागत असेल तर परावलंबन तीव्र आहे असे समजावे. २०१२ पासून राज्यात गुटख्यावर बंदी असल्याने काही रुग्ण त्याचे नाव घेण्यास बिचकतात. हे पोलिसी कामासाठी नाही, असा दिलासा त्यांना आधी द्यावा.

वेळ कोणती साधावी?

कळा चालू असताना उपदेश करणे क्रूरपणाचे आहे. रुग्ण स्थिरावला, श्वास लागायचा थांबला, की तो स्वतःशीच विचार करू लागतो. "असे का झाले?" हा प्रश्न तोच विचारतो. ही वेळ समुपदेशनाची. त्याच्या आजाराशी तंबाखूचा असलेला संबंध दोन वाक्यांत सांगावा. तमक श्वासाच्या रुग्णास धूर व श्वासमार्ग, हृद्रोग्यास निकोटीन व रक्तवाहिन्या, एवढे पुरे.

आशेचा भाग मात्र आवर्जून सांगावा. हृद्रोगानंतर धूम्रपान सोडणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी आढळतो, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित परीक्षणात दिसून आले. २०१४ साली स्वीडनमधून प्रसिद्ध झालेला अभ्यास आपल्याकडील रुग्णांना अधिक जवळचा आहे. तेथे ओठाखाली तंबाखू ठेवण्याची चाल आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ही सवय सोडणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण ती चालू ठेवणाऱ्यांच्या मानाने जवळपास निम्मे आढळले. सोडणारे लोक इतरही पथ्य पाळत असतील हे लक्षात घेतले, तरी 'ओढत नाही, म्हणजे चालते' हा समज दूर करण्यास हे पुरेसे आहे.

कॅज्युअल्टीतील प्रयत्नांना फळ येते का? इंग्लंड व स्कॉटलंडमधील सहा आत्ययिक विभागांत ९७२ धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. थोडक्यात सल्ला, ई-सिगारेटचा संच आणि धूम्रपानमुक्ती सेवेकडे पाठवणी मिळालेल्या गटात सहा महिन्यांनी ७.२ टक्के, तर केवळ माहिती मिळालेल्या गटात ४.१ टक्के लोक धूम्रपानमुक्त आढळले. ई-सिगारेटला भारतात २०१९ पासून बंदी असल्याने तो भाग आपल्याला लागू नाही. आकडेही लहान आहेत. परंतु हे रुग्ण सोडण्याच्या इच्छेने रुग्णालयात आले नव्हते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

शास्त्राचा आधार

रुग्ण कधी कधी म्हणतो, "आयुर्वेदातच धूमपान सांगितले आहे ना?" चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात दिनचर्येत वर्णिलेले धूमपान औषधी द्रव्यांच्या वर्तीचे आहे. बृहत्त्रयीत तंबाखू नाही. ती पोर्तुगीजांच्या काळात या देशात आली. हे स्पष्टपणे सांगावे. 'हर्बल' सिगारेटचा पर्यायही सुचवू नये, कारण कोणत्याही धुरात कार्बन मोनॉक्साइड असतोच. त्याच अध्यायात मुखशुद्धीसाठी लवंग, कंकोळ, वेलदोडा यांसह सुपारीचाही उल्लेख येतो. लवंग, वेलदोडा अवश्य द्यावेत, सुपारी मात्र वगळावी. २००४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीस कर्करोगकारक ठरविले आहे.

अहितकर सवय अंशाअंशाने सोडण्याचा पादांशिक क्रम सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात आहे. आत्ययिक रुग्णाच्या बाबतीत त्याचा विवेक हवा. रुग्णालयात दोन-तीन दिवस तंबाखूविना गेलेल्या रुग्णास घरी गेल्यावर 'हळूहळू कमी करा' असे सांगणे म्हणजे सुटलेली गोष्ट पुन्हा हाती देणे होय. बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या, दिवसातून सहा वेळा मशेरी लावणाऱ्या स्त्रीस मात्र हा क्रम उपयोगी पडतो. अखेरची तारीख तेवढी आरंभीच ठरवावी.

पहिल्या आठवड्यात चिडचिड, बेचैनी, निद्रानाश होतो. ही लक्षणे तीन-चार आठवड्यांत ओसरतात, हे आधीच सांगून ठेवावे. आपल्या भागात सर्वांत मोठी तक्रार वेगळीच असते: "तंबाखूशिवाय साफ होत नाही." या एका कारणाने अनेकांची सवय परत येते. कोमट पाणी, भिजवलेल्या मनुका, प्रकृती पाहून रात्री त्रिफळा अशी योजना येथे वैद्याने करावी. रुग्णालयाने दिलेली हृद्रोगाची औषधे मात्र कोणत्याही कारणाने बंद करू नयेत.

घरी गेल्यानंतरचा महिना

मनाला अहितकर विषयांपासून आवरणे ही सत्त्वावजय चिकित्सा एका बैठकीत होत नाही. रुग्णालयातील समुपदेशनाला घरी गेल्यानंतर किमान एक महिना पाठपुराव्याची जोड असेल तरच त्याचा निश्चित लाभ होतो, असे २०१२ सालच्या कॉक्रेन परीक्षणात आढळले. तिसऱ्या, सातव्या, पंधराव्या व तिसाव्या दिवशी एक फोन, एवढे आपल्या दवाखान्यातून सहज होण्यासारखे आहे. १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी क्रमांकही रुग्णाच्या चिठ्ठीवर लिहून द्यावा.

आपल्या भागाला हे काम नवे नाही. साताऱ्यात शालेय शिक्षण, सांगलीच्या विलिंग्डनमध्ये महाविद्यालयीन शिक्षण व मिरजेत वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी साताऱ्यात 'परिवर्तन' हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. १९८६ साली पुण्यात सुरू झालेल्या 'मुक्तांगण'प्रमाणे येथेही व्यसनाकडे दुर्गुण म्हणून नव्हे, तर आजार म्हणून पाहिले गेले आणि कुटुंबाला उपचारात घेतले गेले. परंतु अशा केंद्रात तोच पोहोचतो, ज्याला वा ज्याच्या घरच्यांना व्यसन जाणवलेले असते. मळलेली तंबाखू व मशेरीच्या बाबतीत ते जाणवतच नाही. तो रुग्ण केवळ कॅज्युअल्टीत भेटतो, आणि तोही एखाद्याच वेळी.

सभासद वैद्यांना आमची विनंती इतकीच, की आपण जेथे काम करता तेथील केसपेपरवरील 'व्यसन : आहे / नाही' हा रकाना खोडून 'तंबाखू : कोणत्या रूपात, दिवसातून किती वेळा' असा करून घ्यावा. त्या चालकाच्या पहिल्या केसपेपरवर हा रकाना असता, तर 'निर्व्यसनी' हा शब्द आमच्या हातून लिहिला गेला नसता.